अडीच पेड

तळं आटलं आणि दोरवाल्याच्या घरातलं काम थांबलं. ताग वेळेवर कापून झाला होता, पेंढ्याही बांधून झाल्या होत्या. पण ताग कुजवायला साठलेलं पाणी लागतं. पेंढ्या त्या पाण्यात दगडांखाली दाबून अकरा दिवस ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे साल काडीपासून सुटते. या वर्षी तळ्यात घोट्याएवढा चिखल होता आणि त्यात गुरं बसत होती. पेंढ्या घरामागच्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या. रोज सकाळी दोरवाला त्यांच्याकडे जायचा, एखादी काडी नखाने सोलून बघायचा आणि परत यायचा.

"रोज बघून ती काय आपोआप कुजणार आहे?" त्याची बायको म्हणायची.

"बघायला काय जातंय."

मुलगा धान्याच्या गोदामात पोती उचलायला जात होताच. आता सून बंबखान्यावर रोजाने जाऊ लागली.

बंबखाना म्हणजे आग विझवायच्या गाडीचं जुनं दगडी घर. मोठ्या रस्त्यावर नवं केंद्र झालं, तिथे नव्या गाड्या आल्या, तेव्हापासून हे बारा वर्षं कुलपात होतं. आता गावाने तिथे स्मारक आणि संग्रहालय करायचं ठरवलं होतं. आत जुना बंब, शिड्या, पितळी टोप, कॅनव्हासचे पाइप आणि बुरुजावरून अंगणात उतरवून ठेवलेली मोठी घंटा. भिंतीवर बंबाच्या माणसांचे फोटो, आणि मधोमध सगळ्यांत मोठा फोटो फौजीचा.

फौजीने सैन्यात वीस वर्षं काढली होती. गावी परतल्यावर त्याने सहा माणसं गोळा करून बंबाचं पथक उभं केलं आणि ते सैन्यासारखंच चालवलं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पुरात तो गेला. ती हकीकत गावात सगळ्यांना पाठ होती. बुटक्या पुलावर बस अडकली होती, आत अकरा माणसं. फौजीने काठापासून बसपर्यंत दोर नेला आणि त्या दोराला धरून अकराही माणसं एकेक करून काठावर पाठवली. शेवटी तो स्वतः दोर कमरेला बांधून उतरला. तेवढ्यात बस कलंडली आणि दोर तुटला.

दोर दोरवाल्याने वळलेला होता.

त्यानंतर त्याला तोंडावर कोणी काही बोललं नाही. लोक नायलॉनचा दोर घेऊ लागले, एवढंच. गुरांची दावी, कासरे असली किरकोळ कामं येत राहिली. जाड दोर कोणी मागितला नाही. मुलाच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मुलीकडचा एक जण हसत म्हणाला होता, "गाठ पक्की बांधा, दोर कोणाचा आहे माहीत आहे ना?" गोदामात अजूनही एखादं पोतं सुटलं की सगळे मुलाकडे बघायचे. फौजीची बायको दवाखान्यात नर्स होती. दोरवाल्याच्या घरचं कोणी आजारी पडलं तर नर्सबाई औषध द्यायची, गोळ्यांच्या पुडीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायची आणि पुडी हातात न देता टेबलावर ठेवायची. तोंडातून शब्द काढायची नाही.

सुनेने बंबखान्यात आधी फरशी घासली. मग भिंतींना चुना दिला. मग चिंच आणि राखेने पितळी टोप घासले, एकूण आठ. बंबाचा जुना ड्रायव्हर तिथेच बसून असायचा. फौजीच्या सहा माणसांपैकी तो एक. आता त्याच्याकडे राखणदारी होती आणि दिवसातून दोनदा तो बंबाच्या पंपाला तेल पाजायचा.

"काका, हा चालतो का अजून?" सुनेने विचारलं.

"चालतो म्हणजे? आता दांडा फिरवला तर विहीर उपसून देईल."

"मग फिरवा की."

"मास्तर नको म्हणतात. ही शोभेची वस्तू आहे म्हणे. मलाही त्यांनी शोभेचाच धरलाय."

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि स्मारक समितीचे अध्यक्ष होते. प्रत्येक वस्तूखाली ठेवायची कार्डं ते स्वतःच्या हाताने लिहीत. अक्षर छापल्यासारखं होतं. फौजीचा कमरपट्टा नर्सबाईने पेटीतून काढून दिला होता. त्याला सुरीचं चामडी म्यान होतं, आत सुरी नव्हती. कार्डावर मास्तरांनी लिहिलं होतं, "सुरी पुरात वाहून गेली." सुनेने त्या चामड्याला तेल लावलं तेव्हा म्यानावरची बटणाची पट्टी लावून बघितली. बटण इतकं घट्ट होतं की ते पुन्हा उघडायला तिला दोन्ही अंगठे लावावे लागले.

मग मास्तरांनी माळ्यावरून दोर काढायला लावला.

तो मनगटाएवढा जाड होता, तीन पेडांचा. उंदरांनी दोन जागी कुरतडला होता, वरून धूळ. पण पीळ जागचा हलला नव्हता. एका टोकाला सुतळी घट्ट गुंडाळलेली होती, वीतभर लांब, वेढ्याला वेढा लागून.

"ही मी गुंडाळलीय," ड्रायव्हर म्हणाला. "त्याच दिवशी. सुटं टोक घेऊन दोर माळ्यावर चढवायचा नाही, हा फौजींचा नियम. ते गेले तरी नियम होताच."

"तेव्हा टोक बघितलं होतंत?"

"डोळ्यांत पाणी, डोक्यावर पाऊस. टोक कोण बघतंय? हातांना सवय होती, गुंडाळलं."

मास्तरांनी खिशातून कार्ड काढून कपाटाच्या काचेला टेकवलं. सुनेने वाचलं. "पुरात तुटलेला दोर. याने दगा दिला नसता तर फौजी वाचले असते."

"मास्तर, दुसरं वाक्य लागतंच का?"

मास्तर जरा घुटमळले. "सूनबाई, तुमच्या घराबद्दल माझ्या मनात काही नाही. पण इतिहास लिहिताना कुणाचं घर बघायचं नसतं." मग त्यांनी दोराकडे बोट दाखवलं. "ती सुतळी सोडा. तुटलेलं टोक लोकांना दिसलं पाहिजे. तुम्हीच करा, तुम्हाला दोरातलं कळतं."

सून दाराच्या उजेडात खाली बसली, दोर मांडीवर घेतला आणि सुतळी सोडू लागली. जुनी सुतळी कडक झाली होती, नखं दुखत होती. वेढे उलगडत गेले तसे तीन पेड एकमेकांपासून सुटे झाले. तिने पदराने टोक पुसलं. पुन्हा पुसलं. एक पेड बोटांत धरून त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्यावर तिचा अंगठा मध्येच थांबला.

"झालं का?" आतून मास्तरांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. दोर तिने कपाटात ठेवला, टोक पुढे करून.  संध्याकाळी सगळ्यांच्या आधी निघाली.

घरी आल्यावर तिने खुंटीवरचा एक जुना कासरा काढला. एक टोक ओसरीच्या तुळईला बांधलं, दुसऱ्याला दगड भरलेलं पोतं. नवरा नुकताच गोदामातून येऊन पाय धूत होता.

"अहो, जरा याला लोंबकळा."

"दिवसभर पोती उचलली, आता घरी येऊन स्वतःच पोतं होऊ?"

"लोंबकळा म्हणते ना."

तो लोंबकळला. कासरा कुरकुरला, ताणला, आणि मधोमध तुटला. नवरा पोत्यासकट अंगणात बसला. सासूने तोंडाला पदर लावला. "लहानपणीही असाच पडायचा," ती म्हणाली.

सुनेचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने कासऱ्याचा दुसरा तुकडा विळ्याने कापला आणि दोन्ही टोकं घेऊन मागच्या अंगणात गेली. दोरवाला पेंढ्यांजवळ बसला होता.

"मामंजी, हे एक तुटलंय, हे एक कापलंय."

"दिसतंय. काय पोरखेळ लावलाय?"

"बंबखान्यातल्या दोराचं टोक यातलं कुठल्यासारखं असेल?"

त्या दोराचं नाव घरात निघत नसे. दोरवाल्याने तिच्याकडे बघितलं नाही. तुटलेल्या टोकाला हात लावला. तंतू लांबआखूड पसरले होते, झाडूसारखे.

"हे."

"नाही. दुसरं."

त्याने हात मागे घेतला.

"आज मी सुतळी सोडली," ती म्हणाली. "दोन पेड असे कापलेले आहेत. सरळ, तंतू सगळे एका लांबीचे. तिसरा निम्मा कापलेला, निम्मा तुटलेला."

"तू नीट बघितलंस?"

"तुम्ही शिकवलंय तेवढं बघितलं."

दोरवाला कापलेलं टोक हातात घेऊन चोळत राहिला. मुलगा दारात येऊन उभा होता, कमरेला हात लावून. तो म्हणाला, "बाबा, उद्या मी कामावर जात नाही. आपण तिघं जाऊ."

"कुणाला काही बोलायचं नाही," दोरवाला म्हणाला. "आधी मी बघतो."

सकाळी तो धुतलेला सदरा घालून निघाला, मागे मुलगा आणि सून. एकोणीस वर्षांत तो त्या गल्लीतून गेला नव्हता. बाजारालाही पलीकडच्या रस्त्याने जायचा. बंबखान्याच्या उंबऱ्यावर थांबला तेव्हा ड्रायव्हर बंबाखालून बाहेर आला.

"दोरवाल्या? वाट चुकलास का?"

"दोर बघायचाय."

"बघ. तुझाच आहे."

सुनेने कपाट उघडून दोर त्याच्या हातात दिला. त्याने आधी टोकाला हात लावलाच नाही. दोर वीत वीत करत हातातून सरकवत नेला, पीळ बोटांनी मोजत, ओळखीच्या माणसाचं अंग चाचपावं तसा. टोकापाशी आल्यावर डोळे मिटले. एकेक पेड अंगठ्याखाली घेतला. मग डोळे उघडले.

"कापलाय."

"काय?" ड्रायव्हर म्हणाला.

"हा तुटलेला नाही. सुरीने कापलाय."

मास्तर टेबलावरून उठून आले. चष्मा वर करून त्यांनी टोक बघितलं. "हे बघा, इथे तुटलेला दिसतोय. तिसऱ्या पेडाला."

"तिसरा निम्माच. दोन पेड पुरे कापले, तिसरा निम्मा कापला. तोवर सगळा भार त्या उरलेल्या अर्ध्यावर आला, मग तो तुटला. दोर तीन पेडांचा असतो मास्तर. याचे अडीच पेड कापावे लागले, तेव्हा सुटला."

"पण कापणार कोण? काठावर हे सहाजण होते, त्यांनी तर…"

"काठावरच्यांनी नाही. हा काठाकडचा तुकडा आहे, आणि हे त्याचं पाण्याकडचं टोक. तिथे एकच माणूस होता."

ड्रायव्हर बंबाच्या पायरीवर बसला.

त्याच वेळी नर्सबाई आली. रोज दहा वाजता ती फोटो पुसायला यायची. हातात फडकं होतं. दोरवाल्याला बघून ती दारातच थांबली.

"यांना कोणी बोलावलं?"

सून पुढे झाली आणि दोराचं टोक दोन्ही हातांवर धरून तिच्यासमोर नेलं. "बाई, हे तुम्ही बघा. मामंजी म्हणतात, कापलंय."

"मला दोरातलं काय कळतं?"

"कापलेलं आणि फाटलेलं कळतं ना?"

नर्सबाईने तिच्याकडे रोखून बघितलं. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि टोक हातात घेतलं. खिडकीपाशी नेलं. चाळीस वर्षं तिने जखमा बघितल्या होत्या: विळ्याच्या, पत्र्याच्या, कुत्र्याच्या, यंत्रात सापडलेल्या. तिने पेड बाजूला करून कडा बघितल्या. मग कमरपट्टा होता त्या कपाटाकडे गेली आणि म्यानाच्या बटणावर बोट ठेवलं.

"पट्टा माझ्याकडे आणून दिला तेव्हा हे उघडं होतं," ती म्हणाली. "मला तेव्हाच नवल वाटलं होतं. बटण उघडं ठेवलं म्हणून त्यांनी स्वतःच्या माणसांना पळायची शिक्षा दिलीय."

"मला दोनदा," ड्रायव्हर म्हणाला.  "बाई, बस कलंडली तेव्हा त्यांच्या कमरेमागचं दोराचं टोक बसच्या दांडीत अडकलं होतं. तिसऱ्या दिवशी सापडले ते बससकटच. म्हणजे बस त्यांना ओढत होती, ते दोराला, आणि दोर आम्हाला. आम्ही सहाजणांनी दोर कमरेला वेढला होता. पाणी छातीला आलं होतं, पाय सुटले होते. मागचा दोर पाण्याखाली, तिथे त्यांचा हात पोचला नसता. पुढचा हातात होता." तो थांबला. "दोर सुटला तसे आम्ही सगळे मागे उताणे पडलो. काठाकडे. आम्ही दोराला शिव्या दिल्या."

नर्सबाई फोटोकडे तोंड करून उभी राहिली. पाठ ताठ होती. 

"मला वाटायचं, ते यायला निघाले होते," ती म्हणाली. "दोराने येऊ दिलं नाही."

"माझ्या घरात आज चौदा माणसं जेवतात, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "बाकी पाच घरांचं धरलं तर पंगत या रस्त्यावर मावायची नाही."

एवढ्यावर विषय संपला असता. मास्तरांनी कपाटाजवळचं कार्ड उचलून खिशात घातलंही होतं. मुलगा बापाच्या दंडाला धरून म्हणाला, "चला बाबा." पण दोरवाला हलला नाही.

"बाई, माझं एक सांगायचं राहिलंय."

"बोला."

"हा ताग कच्चा होता. अकरा दिवस ठेवायचा, मी नवव्या दिवशी काढला. फौजी म्हणाले होते, पावसाच्या आत दोर पाहिजे. मी नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. कच्च्या तागाचा पीळ नीट बसत नाही, दोर वाकला की तडकतो. दोर तुटला असं कळलं तेव्हा मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी घरी बायकोलाही बोललो नाही. म्हणून टोक बघायला कधी आलो नाही." त्याने दम घेतला. "तुटला नाही, ते खरं. पण कच्चा होता, तेही खरं."

मुलगा बापाकडे बघत राहिला. त्याला हे आज पहिल्यांदा कळत होतं.

नर्सबाई वळली. डोळे कोरडे होते. "नऊ दिवसांचा?"

"नऊ."

"नऊ दिवसांच्या दोराने अकरा माणसं अलीकडे आणली. वर बस आणि सात माणसांचा ताण धरला. आणि तोडायला त्यांना अडीच पेड कापावे लागले." तिने दोर दोन्ही हातांनी कपाटात ठेवला. "तुम्ही घरी बसून स्वतःला शिक्षा देत होतात, मी दवाखान्यात बसून तुम्हाला. एकोणीस वर्षं मी तुमच्या माणसांशी एक शब्द बोलले नाही."

"औषधं बरोबर दिलीत," दोरवाला म्हणाला. "सगळे बरे झाले."

नर्सबाईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, दुसरं कार्ड लिहा. आणि घंटा चढवायला तुम्ही साखळीचं यंत्र मागवलंय ना, ते परत पाठवा. घंटा दोराने चढेल. यांच्या."

"बाई, वीस दिवसांवर उद्घाटन आलंय."

सगळ्यांनी दोरवाल्याकडे बघितलं. तो मनात हिशेब करत होता. "अकरा दिवस कुजवायला. दोन वाळायला. चार झोडायला आणि विंचरायला. दोन वळायला. एकोणीस होतात. पण पाणी कुठंय?"

"विहिरीत," ड्रायव्हर म्हणाला.

बंबखान्याच्या विहिरीचं पाणी आगीसाठी राखीव होतं. फौजीचा नियम, नवं केंद्र झालं तरी कोणी तिला पोहरा लावला नव्हता. मागे पाइप धुवायचा लांबलचक दगडी हौद होता, कोरडा. पेंढ्या आडव्या मावतील असा.

"ते राखीव पाणी आहे," मास्तर म्हणाले.

"कशासाठी राखलंय?" नर्सबाईने विचारलं.

मास्तरांनी ड्रायव्हरकडे बघितलं. मग बंबाकडे. मग हाताने एकदा हवेत 'चालू द्या' अशी खूण केली.

बंब बाहेर ढकलायला आठ माणसं लागली. ड्रायव्हरने चामडी पाइप विहिरीत सोडला, दांडा बसवला आणि फिरवला. पंप खोकला. पुन्हा फिरवला. पंपाने काळं तेल थुंकलं. गल्लीतले लोक जमले होते, कोणीतरी म्हणालं, "दोघांनाही विश्रांती द्या." तिसऱ्यांदा दांडा फिरवल्यावर आतून गुरगुर आली, कॅनव्हासचा पाइप फुगत गेला, त्याची घडी न घडी सरळ झाली, आणि पुढच्या पितळी तोंडातून पाण्याचा सोट सुटून हौदाच्या पलीकडच्या भिंतीवर आदळला. सून तिथेच उभी होती. ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली.

"शोभेची वस्तू," ड्रायव्हर मास्तरांना म्हणाला. "जरा बाजूला व्हा, तुम्हीही भिजाल."

पुढचे अकरा दिवस दोरवाला हौदावरच राहिला म्हटलं तरी चालेल. नवव्या दिवशी मास्तर नाक दाबून आले. कुजलेल्या तागाचा वास चार घरांपर्यंत गेला होता.

"काढायचा का? काडी मऊ लागतेय."

दोरवाल्याने पाण्यात हात घालून एक काडी काढली, अंगठ्याने दाबली. "दोन दिवस."

"म्हणजे तेवढंच आपल्याला…"

"दोन दिवस, मास्तर."

अकराव्या दिवशी काडी दाबली तशी साल रिबिनीसारखी सुटून आली. घरातली चारही माणसं हौदात उतरली. मांडीपर्यंत काळं पाणी, पाठ वाकलेली, हात सोलवटलेले. मुलाने गोदामातून सुट्टी घेतली होती. ताग धुऊन बंबखान्याच्या अंगणात दोऱ्यांवर वाळत घातला, तो केसांसारखा पिवळट चमकत होता. मग झोडणं. मग खिळ्यांच्या फणीवर विंचरणं. सासू ते काम कुणाला करू देत नसे. दोन दिवस घरामागच्या लांब बोळात दोर वळला गेला. मुलगा चाक फिरवत होता, सून तीन आकड्यांवर तीन पेड भरत मागे मागे चालत होती, आणि दोरवाला तीन खाचांचा लाकडी ठोकळा हातात घेऊन पेड एकत्र आणत होता. पीळ चढताना पेड आवाज करतात, बारीक. तो तेवढं ऐकत होता.

"बाबा," मुलगा चाक न थांबवता म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं असतं तर तू गोदामात मान वर करून भांडला नसतास."

"भांडून काय, मार खाल्लाय."

"खाल्लास. पण मान वर होती. चाक सावकाश फिरव."

उद्घाटनाला गावातलं जवळजवळ सगळं माणूस आलं. नव्या केंद्राची माणसं गणवेशात एका ओळीत उभी होती, डोक्यावर टोप. दोराच्या कपाटापाशी गर्दी हलत नव्हती. मास्तरांचं नवं कार्ड लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. "हा दोर तुटलेला नाही. फौजींनी तो स्वतःच्या सुरीने कापला, म्हणून काठावरचे सहाजण वाचले. तीन पेडांपैकी अडीच कापावे लागले. दोर वळणारा: आपल्या गावचा दोरवाला." टोकाला सुतळी बांधलेली नव्हती. कोणालाही ते नीट दिसत होतं.

घंटा बुरुजावर चढवायची वेळ झाली. वरच्या तुळईच्या चाकावरून दोर खाली आला. फौजीच्या सहाजणांपैकी पाच हयात होते, साठी उलटलेले. ते ओळीने उभे राहिले, जसे त्या दिवशी उभे होते तसे. सहावी जागा शेवटची. घंटा ओढताना तिथल्या माणसाने दोर कमरेला वेढायचा असतो. ती जागा रिकामी होती.

"ए, दोरवाल्याच्या," ड्रायव्हरने मुलाला हाक मारली. "ये इथे. पोती उचलतोस ना?"

मुलाने बापाकडे बघितलं. बापाने हनुवटी हलवली. मुलगा गेला आणि दोर कमरेला वेढून पाय रोवून उभा राहिला. गोदामातले चौघं पुढेच उभे होते. 

"ओढा," नर्सबाई म्हणाली.

दोर ताठ झाला. त्यातून एक लांब कुरकुर निघाली आणि जमलेल्या लोकांच्या माना आपोआप मागे सरकल्या. दोरवाला घंटेकडे बघत नव्हता. तो दोराकडेही बघत नव्हता. जमिनीकडे बघत, कान देऊन उभा होता.

"बसतोय," तो सुनेला म्हणाला. "पीळ बसतोय. ऐकलंस?"

घंटा जमिनीपासून सुटली. वीतभर, हातभर. मग पुरुषभर. म्हातारे एका तालात ओढत होते, मागे मुलगा दोर अंगावर घेत एकेक पाऊल हटत होता. वर चढलेल्या केंद्राच्या दोन जवानांनी घंटा आकड्यात घेतली आणि हात वर केला. मुलाने वेढा सोडला. त्याच्या कमरेवर सदऱ्याला दोराचा पिवळा पट्टा उमटला होता. तो त्याने झटकला नाही.

नर्सबाई पुढे आली आणि घंटेची दोरी तीनदा ओढली. तो आवाज गावाने बारा वर्षं ऐकला नव्हता. गणवेशातल्या ओळीने सलामी दिली. सासू पदराने डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "विंचरला मी आहे. सगळा."

गर्दी पांगत असताना एक गाडीवाला दोरवाल्याजवळ आला. लाकडं वाहायचा. गेली कित्येक वर्षं तो शहरातून नायलॉन आणायचा.

"असाच दोर पाहिजे. चाळीस हात. मनगटाएवढा."

"मिळेल. आज पेंढ्या पाण्यात घातल्या तर अकरा दिवस कुजवायला, वर आठ."

"एवढे? मला जरा घाई आहे. दोन दिवस अलीकडे नाही का काढता येणार ताग?"

"नाही," दोरवाला म्हणाला.

आणि तो हौदाकडे वळला, किती पाणी उरलंय ते बघायला.